पूर्वीचं गाव कुणाचं?

चार बायका जमल्या, मग त्या बस्तीत आरतीनंतर असोत की लग्नात पंगत मांडायच्या आधी, की कुणीतरी म्हणतंच, "पूर्वीचं बेळगाव काय राहिलं नाही बाई." दुसरी मान हलवते आणि मग सुरू होतं. जूनला लागलेला पाऊस गणपतीपर्यंत उघडायचा नाही. ऐन उन्हाळ्यात रात्री पांघरूण लागायचं, म्हणून तर गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं की टांगेवाला, सायकलवाला, भाजीवाली, कॉलेजची पोरं, सगळे एका ओळीत गप उभे. तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल झालाय, तरी पत्ता सांगताना आपण अजून "दुसऱ्या गेटाजवळ" असंच सांगतो. शहापुरात गल्लीतून जाताना माग ऐकू यायचे. आणि अनगोळ-वडगावच्या शिवारात बासमती फुलोऱ्यावर आला की वास घरापर्यंत!

हे सगळं खरं आहे. मलाही आठवतं आणि गोड वाटतं. फक्त त्या शिवारात आता कोण राहतंय, हे कुणी विचारत नाही. आपणच राहतोय की. प्लॉट पडले, लेआउट झाले, आपण कर्ज काढून घरं बांधली आणि त्याच घराच्या गच्चीवर उभं राहून म्हणतो, "इथं काय सुंदर भात होता!"

बारा अनुप्रेक्षांमधली पहिलीच अनित्य. शरीर अनित्य, धन अनित्य, नातीगोती अनित्य, हे आपण लहानपणापासून म्हणत आलोय. त्या यादीत गावाचं नाव कुणी घेत नाही, म्हणून गाव तेवढं त्यातून सुटलंय असं आपल्याला वाटतं की काय कोण जाणे. किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलं की हा भ्रम जरा उतरतो. रट्टांच्या राज्यात, 1204 साली, बिचिराजानं ती बांधली. वर छताला दगडी कमळ आणि खाली नेमिनाथ. रट्ट गेले, यादव गेले, विजयनगर, आदिलशाही, मराठे, 1818 नंतर इंग्रज. त्याच किल्ल्यात सोळाव्या शतकातली सफा मशीद आहे. गांधीजी अध्यक्ष होते ते 1924 चं काँग्रेस अधिवेशन इथंच भरलं. सरकारी कागदावरचं गावाचं नाव 2014 साली बदललं. (सीमाप्रश्न इथं काढत नाही, तो निघाला की चहा गार होतो.) यातलं 'पूर्वीचं' बेळगाव नक्की कोणतं? ज्याच्या-त्याच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी जे होतं, ते.

समंतभद्र आचार्यांनी आप्तमीमांसेत एक दृष्टान्त दिलाय, तो पंडितांच्या प्रवचनात बऱ्याच जणींनी ऐकला असेल. सोनार सोन्याचा घट मोडून मुकुट करतो. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला सुखही नाही, दुःखही नाही. सोनं तेच, घडलेली गोष्टही तीच. एकाच वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य तिन्ही असतात हे आचार्यांना दाखवायचं होतं. मला त्यातून दुसरंही काही दिसतं: गाव बदललं म्हणून रडणारी बाई गावाबद्दल जितकं सांगते, त्याहून जास्त स्वतःबद्दल सांगते. तिचा घट कोणता होता ते कळतं.

पण या दृष्टान्तात भाता मारणारा पोऱ्या नाही. त्याला काय हवं होतं, हे कुणी विचारलेलं नाही. आचार्यांचा विषय वेगळा होता, त्यांना दोष नाही. आपला विषय मात्र तिथंच सुरू होतो, कारण बेळगावहून हायवेनं तवंदीचा घाट उतरला की निपाणी येते.

निपाणी म्हणजे तंबाखू. ज्यांचं लहानपण तिथं गेलं त्यांना वखारीचा तो उग्र वास म्हणजे माहेरचा वास. गाड्या यायच्या, पोती उतरायची, पेढीवर गादी, लोड, अडकित्ता, फोनवर मुंबई-गुजरातचे सौदे. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं आणि 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली, तेव्हा निपाणीचं नाव देशभर गेलं. शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता. आणि त्याच्याही खालच्या पायरीवर वखारीतल्या बायका होत्या. तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची, तोंडाला पदर बांधून. त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकारानं त्यांची संघटना उभी राहिली. छाया दातारांनी त्यांच्यावर 1989 साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आपल्या किती घरांत ते पोचलं असेल?

वखारी सगळ्या जातींच्या लोकांच्या होत्या, आपल्या लोकांच्याही होत्या. हे सांगताना आवाज खाली करायचं कारण नाही आणि वर चढवायचंही नाही. स्तवनिधी तिथून हाकेच्या अंतरावर. दक्षिण भारत जैन सभेची 1899 ची सुरुवात तिथली. आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज गाव त्याच भागात. घरात पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, कंदमूळ वर्ज्य. पाण्यातला डोळ्याला न दिसणारा जीव जपणारी आपण माणसं. वखारीत धुरळ्यात बसलेला जीव तर चांगला दिसत होता. पंचेंद्रिय होता, मराठी-कानडी बोलत होता, संध्याकाळी मजुरी मागायला दारात येत होता. श्रावकानं कोणता धंदा करावा याचा विचार आपल्या शास्त्रांत आहे. आपण स्वयंपाकघराचे नियम पाठ केले आणि पेढीचे पुरुषांवर सोडले. बायकांनी पेढीत डोकं घालायचं नाही हीसुद्धा जुन्या निपाणीची एक 'गोड' रीत होती.

वखारीत वीस-बावीस वर्षं चाळण मारलेल्या एक मावशी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना विचारलं, "मावशी, पूर्वीची निपाणी आठवती का हो?"

"आठवती की. न आठवायला काय झालं?"

"परत तशी व्हावी वाटतंय?"

"नको बाई. तुमास्नी वास आवडतोय, मला अजून खोकला हाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर एक सांगू का वैनी, आमी साठ-सत्तर जणी ओळीनं बसायचो. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाला मारलं, सगळं ठावं असायचं. गाणी म्हणायचो. आता नात दुकानात जाती, पंख्याखाली बसती, पगार बरा हाय. पर दिवसभर तिच्यासंगं बोलायला कोण न्हाई."

म्हणजे त्यांचाही घट होता. आपल्या घटाहून वेगळा, पण होता. आठवण ही फक्त खाऊन-पिऊन सुखी माणसांची चैन असं मला काही दिवस वाटत होतं. मावशींनी ते टिकू दिलं नाही.

परिग्रह म्हणजे मूर्च्छा, असं उमास्वामी सांगतात. वस्तू किती हा पुढचा प्रश्न. मग आठवणींचा परिग्रह होतो का? माझ्या मते होतो. बासमतीचा वास जपून ठेवला म्हणून होत नाही. वास आपला, खोकला त्यांचा, अशी वाटणी करून आपण निम्मीच आठवण तिजोरीत ठेवतो, तिथं होतो. त्या मूर्च्छेत माणूस खोटं बोलत नाही. त्याला उरलेलं दिसतच नाही.

मागे एका घरी जुने फोटो काढले होते, स्मरणिकेत छापायला. एक वखारीचा होता. पुढं खुर्च्यांवर रुमालवाले, टोपीवाले, मागं दिवाणजी, आणि अगदी कडेला, अर्ध्या कापल्या गेलेल्या, चाळणी घेतलेल्या बायकांची ओळ. पुरुषांची नावं खाली शाईनं लिहिलेली होती. मी तो फोटो मागून घेतला आणि मावशींकडं नेला. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितला. पाच जणी ओळखल्या. दोघींची सासर-माहेर दोन्ही गावं सांगितली. सहावीजवळ बोट थांबलं. "हिचं नाव तोंडावर हाय बघा, येत न्हाई. उद्या शेजारणीला विचारून सांगती."

पाच नावं मी फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहिली आणि सहाव्या नावाची जागा तेवढी मोकळी सोडली.