तार जिथे टेकते

गिटार मांडीवर घ्या, पण लगेच वाजवू नका. उजव्या हाताचं बोट ब्रिजमधल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. हे सॅडल. डाव्या हाताचं बोट नेकच्या वरच्या टोकाला, ट्युनिंगच्या खुंट्यांच्या अलीकडे न्या. हा नट. लाइट गेजच्या सहा तारा मिळून या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ७० किलोचा ताण धरून असतात. तुम्ही काहीच करत नाही, तरी तो ताण आत्ता या क्षणीही आहे. बोटं थोडा वेळ तिथेच राहू द्या.

आता तिसरी तार मोकळी छेडा आणि तिला आपणहून थांबू द्या. मग तीच तार पहिल्या फ्रेटवर दाबून छेडा. इथे नट खेळातून बाहेर गेला, कारण तार आता फ्रेटच्या धातूवर टेकली आहे. पुन्हा मोकळी, पुन्हा दाबलेली. जो फरक ऐकू येतो तो थोडा नटचा, थोडा तुमच्या बोटाचा. नट बदलला की अख्ख्या गिटारचा आवाज बदलेल, ही आशा इथेच सोडून दिलेली बरी. नट फक्त मोकळ्या तारांत बोलतो. सॅडल प्रत्येक सुरात हजर असतं.

तेव्हा पैसे आणि लक्ष, दोन्ही आधी सॅडलला. स्वस्त गिटारवर ते बहुधा प्लास्टिकचं असतं, कधी तर आतून पोकळ. तारा काढल्यावर ते सुटं करून वीतभर उंचीवरून फरशीवर टाकून बघा. मऊ, बसका आवाज येईल. हाडाची पट्टी टाका. टणक, स्वच्छ टणत्कार. दोन्ही आवाज कानात ठेवा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. फरशीवर पट्टी एकटी वाजते, गिटारमध्ये ती फक्त तारेचं कंपन पुढे पोचवते. फरशीवर पट्टी आपटून दाखवणारा विक्रेता मला नेहमीच थोडा जादूगार वाटतो.

हाड म्हणजे बहुतेक वेळा गायीचं किंवा म्हशीचं. कुणाच्या घरात ते नको असेल, आणि त्यावर वाद घालण्याचं कारण नाही. जुन्या मार्टिन गिटारींवर हस्तिदंत असे. भारतात १९८६ च्या कायदादुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९८९ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिषदेत आफ्रिकन हत्तीही सर्वात कडक यादीत गेला. त्यामुळे तो पर्याय संपला, आणि बरंच झालं. कॅनडातल्या ग्राफ टेकचं टस्क, किंवा मायकार्टा, हे कारखान्यात बनलेले पदार्थ. हाडात एखादी जागा भुसभुशीत निघू शकते, यांत ती निघत नाही. सॅडलखाली पिकअप असेल तर हा सारखेपणा फार कामाचा, नाहीतर एखादी तार उगीचच दबकी ऐकू येते.

पण पदार्थ ठरवायच्या आधी एक गोष्ट बघा. सॅडलचा तळ काचेवर टेकवा आणि खिडकीकडे धरा. खालून उजेडाची चीर दिसली, तर हाड काय नि टस्क काय, सगळं सारखंच. त्या फटीत कंपन हरवतं. खाचेत सॅडल डुलतं का, पुढे कलतं का, तेही बोटाने चाचपा. आणि घासायची वेळ आली तर तळाकडून, सावकाश: बाराव्या फ्रेटवर तार १ मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं. हाडाच्या धुळीला दातांच्या दवाखान्यातला वास येतो. मास्क लावा.

आता सॅडलच्या माथ्याकडे नीट बघा. तार तिथे एका बारीक रेषेवरून सुटायला हवी. माथा सपाट राहिला, की तार काठाला घासून झणझणते. वैतागलेला गिटारवाला म्हणतो, सतारीसारखं वाजतंय. त्याचं अगदी बरोबर आहे. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा रुंद, किंचित गोलसर माथा घासून घासून जवारी काढतात ती याच घासण्यासाठी. मग तारेखाली सूत सरकवून ती नेमक्या जागी खुलवतात. तिथे जे जन्मभराचं कसब, ते इथे दुरुस्तीला टाकायचं कारण. तीच तार, तोच काठ. डोळे मिटून दोन्ही आवाज एकदा मनात वाजवून पाहा.

नटबद्दल थोडक्यात. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो? तार खाचेत अडकते आहे. नवा नट मागवण्याआधी पेन्सिलीचं शिसं खाचेत फिरवा.

राहिल्या ब्रिजवरच्या, तारा बसवायच्या पिना. तारेला पिन दाबून धरते असं वाटतं, पण तारेच्या टोकाची गोळी अडकते ती आत, टॉपच्या, म्हणजे गिटारच्या वरच्या फळीच्या, खाली चिकटवलेल्या लाकडी पट्टीला. छोटा आरसा साउंडहोलमधून आत धरून गोळ्या नीट बसल्यात का बघा. पितळी पिना जड असतात. त्यांचं वजन ब्रिजवर येतं, आणि हलक्या टॉपला ते जाणवू शकतं. हाड, एबनी, प्लास्टिक यांतला फरक मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याला डोळे बांधून ओळखायला सांगावं. रंग आवडला म्हणून घेतल्या तरी चालतील. फक्त दुकानात टेपर विचारा, ३ अंशांचा की ५ चा. भोकाशी जुळला नाही तर पिन डुगडुगते.