परक्याचे जनावर

"फादर, मालक शिव्या देतो म्हणून त्याच्या बैलाला वैरण कमी टाकली, तर ते पाप कोणाविरुद्ध?"

२०१९ च्या उन्हाळ्यात, रविवारची मिस्सा आटोपल्यावर, एका तरुणाने मला हा प्रश्न केला. त्याने तो प्रायश्चित्त संस्कारात केला नव्हता, चर्चच्या ओट्यावर बसून केला होता; आणि येथे लिहितो आहे तेही त्याची अनुमती घेऊनच.

ते वर्ष बीड जिल्ह्यातील वाचकांस आठवत असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनाने राज्यातील १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले होते. उन्हाळा चढला तसतशा एकट्या बीड जिल्ह्यात सुमारे ६०० चारा छावण्या उभ्या राहिल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये व लहानामागे ५० रुपये, असे शासकीय अनुदान अखेरीस ठरले. दावणीशेजारीच खाट टाकून, तीन दगडांची चूल मांडून शेतकरी तेथे महिनोन्‌महिने राहिले. आष्टी तालुक्यातील अशाच एका छावणीत हा तरुण वैरणवाटपाच्या कामाला होता.

ज्या मालकाविषयी तो बोलत होता, तो साठी उलटलेला गृहस्थ. घरी पत्नी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे रोज सायंकाळी त्याला गावी परतणे भाग होते. त्याच्या एकुलत्या एक बैलाची रात्रीची वैरण म्हणून या तरुणाच्या हाती. सकाळी येताच तो गव्हाण चाचपून पाही, उरलेली चिपाडे मोजी, पेंडीचा वास घेई. उसाचे वाढे दिसले की भांडण ठरलेले. एके दिवशी तर त्याने चारचौघांत "तुम्ही लोक चारा विकून खाता" असे म्हटले. त्या रात्री व दुसऱ्या रात्रीही तरुणाने बैलापुढे निम्मीच वैरण टाकली.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना भरपाईचे नियम आम्ही पाठ केले होते. परंतु तेथील उदाहरणे पैशांची, जमिनीची, अब्रूची. उपाशी ठेवलेल्या बैलाची भरपाई कोणास द्यावयाची?

मला निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील तो नियम आठवला. शेजाऱ्याकडे राखण्यास दिलेले जनावर कोणी पाहिले नसता मेले किंवा जायबंदी झाले, तर राखणाऱ्याने परमेश्वरासमोर शपथ घ्यावी, असे तो सांगतो. आपण सहसा एवढ्यावरच थांबतो. नियमाचा दुसरा भाग मालकासाठी आहे : त्याने ती शपथ मान्य करावी. राखणदाराने खरे बोलावयाचे आणि मालकाने विश्वास ठेवावयाचा. यांतील एक जरी चुकला तरी व्यवहार मोडतो. लाबानाजवळ हा विश्वास नव्हता. याकोबाने वीस वर्षे दिवसाचे ऊन व रात्रीचा गारठा सोसला, फाडून टाकलेल्या मेंढराचा तोटाही स्वतः भरून दिला. लाबान मात्र त्याचे वेतन बदलतच राहिला. तथापि मेंढरांना पाणी पाजण्यात याकोबाने कुचराई केल्याचे कोठे आढळत नाही.

म्हातारा लाबान होता काय? मला तसे वाटत नाही. त्या वर्षी काही छावण्यांत कागदावर अधिक जनावरे दाखविल्याचे तपासणीत उघडकीस आले होते. त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. वाढ्यांविषयी तर तो बरोबरच होता. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, सतत तेच घातल्यास जनावराच्या अंगचे कॅल्शियम कमी होते. जाणता शेतकरी त्यावर चुन्याची निवळी शिंपडतो. म्हाताऱ्याने ही गोष्ट शिव्यांत गुंडाळून सांगितली, म्हणून कोणी ऐकली नाही. (उपदेशाच्या बाबतीत आम्हा धर्मगुरूंचेही कधीकधी असेच होते.)

आपल्याच जिल्ह्यातील, दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. बैल विकताना ते शेतकऱ्याकडून लेखी वचन घेतात : तो कसायाला विकावयाचा नाही, आणि म्हातारा झाला की परत आणून द्यावयाचा. बाजारात अशा विकणाऱ्याला लोक त्रासदायकच म्हणतील.

मी त्या तरुणाला एवढेच सांगितले, की तुझा अपमान खरा आहे आणि तो तू मालकास तोंडावर सांगावयास हवा होतास. नोकरीत स्वाभिमान गहाण पडत नाही. पण तुझा राग ज्याच्यावर होता त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्यावर तो निघाला. १९९२ च्या 'कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ' यात माणसाने प्राण्यांशी दयेने वागणे हे देणे म्हणून सांगितले आहे. म्हणून या प्रकरणी तुझी देणी दोन आहेत. बैलाचे गव्हाणीत फेड, मालकाचे त्याच्या समोर उभे राहून.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याने सांगितले होते. म्हातारा बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "त्या दोन दिवसांत बैलाची कूस आत गेलेली दिसली. मला वाटलं, आजारी पडला. घरी कारभारणीला कुणाच्या तरी भरवशावर टाकून मी रात्रभर त्याच्यापाशी बसलो, पोरा."

"मग काय केलेस?" मी विचारले.

"काही सुचलं नाही, फादर. चुन्याची निवळी कशी करायची ते त्यांना विचारलं."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने वैरण पुन्हा तोलून मागितली. तरुणाने ती तोलून दिली.