कारण : पोटदुखी

रजेच्या अर्जात तीन गोष्टी भरायच्या असतात. किती दिवस, कोणत्या तारखेपासून, आणि कारण. कामगार कल्याण अधिकारी म्हणून सव्वीस वर्षं मी असे अर्ज हातावेगळे केले. कारणं तर पाठच झाली होती. ताप, पोटदुखी, घरगुती अडचण, गावी जाणे, जवळच्या नात्यातलं लग्न. रात्र रात्र डोळा लागत नाही, कामावर जायच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडतं, असं कारण एकाही अर्जात वाचल्याचं मला आठवत नाही. तशी माणसं कारखान्यात होती. ती पोटदुखी लिहीत होती.

पुण्याजवळच्या त्या कारखान्यात सीएनसी मशीनवर एक मुलगा होता. तिशीच्या आतला, हाताला सफाई असलेला. त्याच्या मशीनवरचा माल सहसा परत यायचा नाही. एका वर्षी पावसाळा लागला आणि त्याच्या दांड्या सुरू झाल्या. चार महिन्यांत सात अर्ज, सातही पोटदुखीचे, सातांवर सही माझी. रिजेक्शनही वाढलं. सुपरवायझर म्हणाले, "साहेब, पोरगा कामचुकार झालाय. एकदा कागद द्या त्याच्या हातात." मी कारणे दाखवा नोटीस तयार केली.

ती घ्यायला तो रात्रपाळी संपवून सकाळी सव्वासातला आला. टेबलाशी उभा राहिला. पोच म्हणून सही करायला मी पेन दिलं. त्याने टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. सही कुठे करायची हे दोनदा विचारलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरणारा हा माणूस, आणि त्याला कागदावरची सहीची जागा दिसेना. मी म्हटलं, "बस." तो खुर्चीच्या कडेला टेकला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, पोट नाही दुखत माझं."

वैशाखात त्याचे वडील गेले होते. तेरावा उरकून तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला होता. कर्जाचा हप्ता होता, म्हणून दुसऱ्यांच्या रात्रपाळ्याही मागून घेत होता. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप येत नव्हती. जेवण जात नव्हतं. मशीनसमोर उभं राहिलं की आपला हात आत जाईल अशी भीती वाटायची, आणि ती वाटली की दुसऱ्या दिवशी तो अर्ज टाकायचा.

नोटीस मी परत घेतली. पण सात वेळा त्याचा अर्ज माझ्यासमोर आला आणि एकदाही मी त्याला बोलावून विचारलं नाही, ही चूक माझी होती. आज निवृत्तीनंतरही ती सलते. माझं पदच मुळी १९४८ च्या कारखाने कायद्याने निर्माण केलेलं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यानुसार पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमावाच लागे. त्याच कायद्यात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती. ती पेटी मी दर महिन्याला उघडून बघत असे. कापूस आहे का, पट्ट्या आहेत का, औषधाची तारीख उलटली नाही ना. कुणाचं बोट कापलं तर चार जण धावायचे. हा मुलगा चार महिने तसाच मशीनवर उभा होता.

त्याला विम्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं, तेव्हा त्याने एकच विचारलं. "कार्डावर काय लिहितील? पोरं येडा म्हणतील." म्हणून सुपरवायझरना एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी रात्रपाळी बंद करायला सांगितली आहे. तीन महिने पहिली पाळी दिली. "एकाला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील," असं मला बजावण्यात आलं. दोघे जण आले. दोघांनाही खरोखरच गरज होती. त्या मुलाला सावरायला सात-आठ महिने लागले, मध्ये त्याने दोनदा गोळ्याही सोडल्या, पण मशीन सोडलं नाही.

नैराश्य आणि चिंता यांच्यापायी जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज आहे. २०२२ साली आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कामाचा बोजा, कामाचे तास आणि वरिष्ठांचं प्रशिक्षण यांवर भर आहे. मला हे अगदी पटतं. वर्षातून एकदा योगशिबिर आणि तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवायचं, आणि टार्गेट, पाळ्या, रात्री अकराला येणारे साहेबांचे मेसेज तसेच चालू ठेवायचे, याने कुणाला झोप लागत नाही. माणूस रोज ज्याच्या हाताखाली काम करतो त्या साहेबाला हे समजलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

आणि सोयी नाहीत असंही नाही. कामगार विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत गंभीर मनोविकार आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. कॅन्टीनच्या दारावर मेनूच्या शेजारी हा नंबर लावायला एक कागद पुरतो.

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील तर माझं एक ऐका. आज एखादा रजेचा अर्ज समोर आला, आणि तेच कारण तुम्ही याआधीही वाचलेलं असलं, तर सही जरूर करा. पण त्याआधी त्याला आत बोलवा, दार लोटून घ्या आणि बसायला खुर्ची द्या. तो बोलेपर्यंत थांबा.