शेताची कड आणि परदेशी पाखरू

शास्त्रपाठ : लेवीय १९:९, १०, रूथ, अध्याय २



अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूची रब्बी ज्वारी निसवली आणि कणसात दाणा भरू लागला, म्हणजे उजाडताच शेतोशेती हाकाटी सुरू होते. माळ्यावर उभा राहून कोणी गोफण फिरवितो, कोणी पत्र्याचा डबा बडवितो, आणि पिवळसर पाखरांचा थवा एका शेतातून उठून शेजारच्या शेतात उतरतो. या पाखरांवर आम्हीही लहानपणी गोफण चालविली आहे. ते कोण आणि कोठून येते, हे मात्र तेव्हा आम्ही कोणास विचारले नाही.

त्याचे नाव काळ्या डोक्याचा भारीट. आकाराने ते चिमणीहून किंचित मोठे असून वजन सुमारे ३० ग्रॅम भरते. नराचे पोट हळदीसारखे पिवळे, पाठ तांबूस आणि डोके काळे असते. हिवाळ्यात तो काळा रंग पिसांच्या फिकट कडांखाली झाकलेला राहतो. वसंतात त्या कडा झिजल्या, म्हणजे तो आपोआप प्रगट होतो. मादी मातकट रंगाची असते. चोच आखूड व बुडाशी जाड, दाणा सोलण्यास योग्य अशी निर्माणकर्त्याने तिला दिली आहे. पावसाळा सरता सरता ही पाखरे येतात, धान्य व गवताचे बी खातात, रात्री काटेरी झाडांवर एकत्र वस्तीस राहतात, आणि मार्च-एप्रिलात निघून जातात.

येथे ती घरटे बांधीत नाहीत. त्यांची घरटी ग्रीस, तुर्कस्तान, इराण या देशांत, तशीच गालीलाच्या टेकड्यांवरही, जमिनीलगतच्या झुडपांत असतात. त्या मुलखातील पुष्कळ पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे वळतात. हे पाखरू पूर्वेकडे वळते आणि हिंदुस्थानात येते. गालीलापासून जालन्यापर्यंतचे अंतर ४,००० किलोमीटरांहून अधिक आहे. ज्या टेकड्यांवर आपल्या प्रभूने लोकांस शिकविले, तेथे घरटी करणाऱ्या जातीचे हे पाखरू आपल्या ज्वारीवर येऊन बसते, हे ध्यानात आणून आमचा गोफणीचा हात जरा थांबला.

पण कोणी म्हणेल, “पाळक महाराज, पोट आमचे जाते!” हे म्हणणे खरे आहे. शेकडोंचा थवा कणसांवर बसला, म्हणजे नुकसान होतेच. २०१२ सालच्या दुष्काळात या जिल्ह्याने काय सोसले, हे आम्ही विसरलो नाही. उपाशी माणसास ‘पाखरांना खाऊ दे’ असे सांगणे ही दया नव्हे. म्हणून परमेश्वराच्या नियमशास्त्राने काय सांगितले ते नीट पाहा. शेत धन्याचे, पीक धन्याचे, राखणही त्याने करावी. परंतु कापणी अगदी कडेपर्यंत करू नये आणि पडलेला सरवा स्वतः वेचू नये. तो वाटा गरिबाचा व परदेशीयाचा. सर्वस्व देण्याची आज्ञा येथे नाही. कड सोडण्याची आहे. त्या कडेवरच मवाबी रूथ जगली, आणि तिच्या वंशात दावीद जन्मला.

आता एक गोष्ट आमच्या मनास फार लागली आहे, ती सांगतो. हे पाखरू आपल्याकडे येते, त्याच सुमारास आपल्या गावांतून शेकडो कुटुंबे ऊस तोडण्यास बाहेर पडतात. दिवाळीनंतर बैलगाड्या व ट्रॅक्टर भरतात. परक्या शिवारात, उसाच्या पाचटाच्या कोपीत संसार मांडला जातो. आणि पाखरू परत जाते, त्याच दिवसांत ही माणसे घरी येतात. दोघांचे पंचांग एकच! जेथे ही माणसे जातात तेथील शिवार त्यांस परके असते, आणि जालन्याचे शिवार या पाखराला परके असते. आपल्या लेकरांना परक्या शिवारात कोणी पाणी द्यावे, कोणी आसरा द्यावा, अशी जर आपली प्रार्थना आहे, तर आपल्या बांधावर आलेल्या परदेशीयास आपण निव्वळ दगडच द्यावा काय?

म्हणून मंडळीस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. ज्याच्या घरी यंदा ज्वारी आहे, त्याने राखण खुशाल करावी. पण विषारी दाणा टाकू नये, आणि बांधालगतच्या दोन ओळी पाखरांसाठी सोडाव्या. दुसरी गोष्ट अधिक मोठी. तोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसे व शाळकरी मुले गावात मागे राहतात. त्यांचे दार बंद दिसले, तर मंडळीतील कोणी तरी ते ठोठवावे, आणि आपल्या तव्यावरची एक भाकर त्यांच्यासाठी वेगळी काढावी. ती भाकर म्हणजे आपल्या शेताची कड होय.

पाखरांची काळजी वाहणारा स्वर्गीय पिता आपणांस कडेपर्यंत कापणी न करण्याची सुबुद्धी देवो, आणि परक्या रानात असलेल्या आपल्या माणसांस सुखरूप घरी आणो. आमेन.