अभय आणि समदृष्टी

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आली आहे तिच्या अग्रस्थानी अभय बसले असून सत्य, अहिंसा, दया आदी गुण त्याच्या मागोमाग येतात, आणि ज्ञानेश्वरांनीही त्या सभेतले मानाचे पहिले आसन अभयालाच दिले आहे. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मात्र पंडिताची ओळख सांगताना अभयाचा उच्चारही नाही. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि श्वपाक ह्यांच्याकडे जो सारख्याच दृष्टीने पाहतो तो पंडित, एवढीच तेथे कसोटी आहे. ह्या दोन गुणांची सांगड आपण सहसा गृहीत धरतो, आणि राजापुढे जो वाकत नाही तो रंकाशीही न्यायानेच वागेल असे आपल्याला वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, ह्याचा विचार मठात बसून करण्यापेक्षा वृत्तपत्राच्या कचेरीत बसून करणे मला अधिक फलदायी वाटते. कारण सत्य हेच ज्याचे भांडवल त्या संपादकाला एकांताची आणि पुनर्विचाराची चैन परवडत नाही, आणि त्याच्या मनाचा कस छापील स्वरूपात मागे उरतो. त्यातही मल्याळम वृत्तपत्रांचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे, कारण तेथील वृत्तपत्र धर्माच्या मांडीवर जन्मले, जातींच्या अंगणात वाढले आणि राजसत्तेच्या दारात त्याची परीक्षा झाली.

1847 च्या जून महिन्यात तलशेरीजवळच्या इल्लिक्कुन्नु टेकडीवर बासेल मिशनच्या हर्मन गुंडर्ट ह्या जर्मन पाद्र्याने ‘राज्यसमाचारम्’ हे पहिले मल्याळम नियतकालिक काढले. ते शिळाप्रेसवर छापीत. घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट शाईची अक्षरे उतरवायची, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा, म्हणजे ओल्या दगडाला शाई लागत नाही आणि तेलकट अक्षरे तेवढी ती धरतात. आमच्याकडे गणपत कृष्णाजींनी पंचांगे छापली ती ह्याच युक्तीने. त्या पत्रातला मजकूर निखळ धर्मप्रचाराचा होता, आणि त्याबद्दल गुंडर्टला संकोच वाटण्याचेही कारण नव्हते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच टेकडीवरून ‘पश्चिमोदयम्’ नावाचे दुसरे पत्र निघाले आणि त्यात भूगोल, इतिहास, सृष्टिज्ञान असे ऐहिक विषय येऊ लागले. मानवाला कळण्याजोगी एकच वार्ता आहे आणि ती तारणाची आहे, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना ग्रहगोलांची आणि देशोदेशींची वार्ता छापण्याची गरज का भासावी? मला वाटते, दुसऱ्याच्या बुद्धीशी बोलू पाहणाऱ्या कोणत्याही धर्माला आज ना उद्या हे करावेच लागते. ऐकणाऱ्याचा विश्वास आधी साध्या, पडताळून पाहता येणाऱ्या गोष्टींत मिळवावा लागतो, आणि एकदा पडताळ्याची सवय वाचकाला लावली की ती सवय प्रचारकाच्या ताब्यात राहत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कोट्टयमला बेंजामिन बेली ह्या मिशनऱ्याचा छापखाना 1821 पासूनच चालू होता, आणि तेथून 1848 मध्ये ‘ज्ञाननिक्षेपम्’ निघाले. परकीय मिशनऱ्यांवर विसंबून न राहता एतद्देशीय ख्रिस्ती समाजाचा स्वतःचा छापखाना असावा म्हणून कुर्याकोस एलियास चावरा ह्या धर्मगुरूने मान्नानमच्या मठात 1846 मध्ये लाकडी यंत्र उभे केले. त्याचा नमुना आधी केळीच्या खोडातून कोरून घेतला होता असे सांगतात, आणि ही गोष्ट इतकी केरळीय आहे की ती खरी असावी असेच वाटते. त्याच छापखान्यातून 1887 च्या एप्रिलमध्ये निधीरिक्कल माणी कत्तनार ह्यांनी ‘नस्राणी दीपिका’ सुरू केली. कोचीनला मात्र वेगळाच प्रकार घडला. तेथील देवजी भीमजी ह्या गुजराती व्यापाऱ्याने 1881 साली ‘केरळमित्रम्’ काढले, कंडत्तिल वर्गीस माप्पिळा ह्या सिरियन ख्रिस्ती तरुणाला त्याचा संपादक नेमले, आणि ह्याच देवजींच्या आश्रयाने कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांचे ‘केरळकोकिळ’ हे मराठी मासिकही कोचीनहून निघू लागले. ‘केरळकोकिळा’ची ग्रंथपरीक्षणे आमच्या ग्रंथकारांच्या उरात धडकी भरवीत, ती तोफ इतक्या दूरच्या बंदरात लावलेली होती हे आज किती जणांच्या ध्यानात असते?

वर्गीस माप्पिळांनी पुढे कोट्टयमला ‘मलयाळ मनोरमा’ काढली. 22 मार्च 1890 रोजी निघालेल्या तिच्या पहिल्याच अंकाचा अग्रलेख पुलय मुलांच्या शिक्षणाविषयी होता. पुलय म्हणजे भातखाचरांत चिखलात उभे राहून सगळ्या मुलखाला अन्न पुरवणारे आणि सार्वजनिक रस्त्यावर पाऊल टाकण्याचीही ज्यांना मुभा नव्हती असे शेतमजूर. ह्या लोकांतून पत्राला एकही वर्गणीदार मिळणार नव्हता, आणि जे वर्गणीदार मिळायचे त्यांपैकी पुष्कळांना हा विषय रुचणारा नव्हता. असे असताना नव्या भागीदारी कंपनीच्या भांडवलावर काढलेल्या पत्राने पहिल्या दिवशी हाच विषय घ्यावा, ह्यात मला धाडसापेक्षाही दृष्टीचा गुण अधिक दिसतो. आपल्या वाचकांच्या वर्तुळाबाहेर माणसे आहेत, हे त्या संपादकाला दिसले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ प्रत्येक जमातीचे पत्र निघाले. श्रीनारायण गुरूंच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संघटनेचे ‘विवेकोदयम्’ 1904 मध्ये कुमारन आशान ह्या कवीच्या हाती आले. मागाहून ‘मितवादी’, ‘केरळ कौमुदी’, मुसलमानांत ‘अल अमीन’ अशी परंपरा लागली. एका जमातीचे पत्र म्हणजे अर्धसत्याचे दुकान, असा आक्षेप ह्यावर घेतला जातो. मला तो सरसकट मान्य नाही. ज्याला देवळाच्या रस्त्यावरून चालू देत नाहीत त्याचे गाऱ्हाणे जर दुसरे कोणी छापीत नसेल, तर त्याने स्वतःचे पत्र काढणे हा पंक्तिभेद नसून पंक्तीत बसण्याचा प्रयत्न आहे. सत्य सर्वांचे असले तरी ते कोठून तरी पाहावे लागते. अडचण निर्माण होते ती आपण जेथून पाहतो ती जागा आहे, ह्याचाच विसर पडला म्हणजे.

हा विसर एखाद्या लेच्यापेच्या लेखकाला पडला असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. तो पडला तो त्या काळच्या सर्वांत निर्भय संपादकाला. वक्कम अब्दुल कादर मौलवी ह्या श्रीमंत आणि व्युत्पन्न मुसलमान गृहस्थाने 1905 च्या जानेवारीत अंचुतेंगू ह्या ब्रिटिशांच्या अंमलाखालील छोट्या बंदरातून ‘स्वदेशाभिमानी’ सुरू केले, आणि वर्षभराने के. रामकृष्ण पिळ्ळा ह्या नायर तरुणाला संपादक नेमून त्याच्या लेखणीवर कसलाही अंकुश ठेवला नाही. पत्र पुढे खुद्द तिरुवनंतपुरमला, दरबाराच्या नाकासमोर, आले. दिवाण पी. राजगोपालाचारी ह्यांचा कारभार, अधिकाऱ्यांची लाचलुचपत, राजवाड्यातील मर्जीतल्या माणसांचे प्रस्थ, ह्यांवर पिळ्ळांनी असे काही प्रहार केले की त्रावणकोर दरबाराचा धीर सुटला. 26 सप्टेंबर 1910 रोजी महाराजांचे फर्मान निघाले. पत्र बंद, छापखाना सरकारजमा, संपादक कायमचा हद्दपार. पोलिसांनी पिळ्ळांना संस्थानच्या सरहद्दीबाहेर तिरुनेलवेलीच्या बाजूस नेऊन सोडले. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा मराठी वाचकाला ह्या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

पण त्याच 1910 सालच्या पूर्वार्धात ह्याच संपादकाने लिहिलेला एक लेख आहे. पुलय मुलांना सरकारी शाळांत इतर मुलांबरोबर बसू द्यावे असा हुकूम दरबाराने काढला होता, आणि हुकूम देणारे दिवाण तेच राजगोपालाचारी होते. पिळ्ळांनी ह्या हुकुमाला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या बुद्धी कसणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे ह्यांना एका वर्गात बसवणे म्हणजे घोडा आणि रेडा एकाच जुवाला जुंपणे होय, अशी उपमा त्यांनी वापरली. ती त्यांच्या शत्रूंनी त्यांच्या नावावर घातलेली नाही. त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेली आहे, आणि केरळातील विचारी माणसे तिचे काय करावे ह्या विवंचनेत अद्यापि आहेत.

ह्यावर दोन सोप्या उत्तरांचा मोह होतो. एक असे, की पिळ्ळांचे धैर्यच खोटे होते. हे उत्तर टिकत नाही, कारण त्यांनी त्या धैर्याची किंमत चुकती केली. क्षयाने खंगून 1916 साली कण्णूरला ते वारले तेव्हा त्यांना चाळीशीही लागली नव्हती. दुसरे उत्तर असे, की काळच तसा होता. तेही टिकत नाही, कारण वीस वर्षांपूर्वीच ‘मनोरमे’ने ह्याच प्रश्नावर उलट बाजू घेतली होती, आणि पुलयांचे पुढारी अय्यनकाळी शाळाप्रवेशासाठी त्याच मुलखात झगडत होते. काळाने उत्तर पुरवलेले होते. ते पाहणे राहून गेले.

महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या ह्या तपस्व्याने, दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारताच खराखुरा सांगून टाकला, ते लोक मारले गेले आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. पिळ्ळांच्या प्रकरणाला ही कथा तंतोतंत लागू पडत नाही, हे मी जाणून आहे. कौशिकाचे वचन निदान वस्तुस्थितीला धरून होते. पिळ्ळांनी जे लिहिले ते स्वतःच्या जागेवरून दिसलेले मत होते आणि त्यांनी ते वस्तुस्थिती समजून लिहिले. तरीही दोघांत एक साम्य आहे. दोघांनीही सत्याचा हिशेब बोलणाऱ्यापाशीच पुरा केला. ते ज्याच्या अंगावर जाऊन पडते त्याला हिशेबात घेतले नाही.

येथे मला अभयाविषयीच एक शंका येते. भित्रा माणूस आपल्या मताविषयी सदा साशंक असतो, कारण ते आपण भयाने बनवले की काय अशी टोचणी त्याला असते. निर्भय माणसाला ही टोचणी नसते. ज्याने राजाच्या डोळ्याला डोळा भिडवला आहे, त्याला आपल्या डोळ्यांना जे दिसते ते सत्यच आहे अशी खात्री वाटू लागते, आणि सिंहासनाकडे वर पाहून कमावलेली ही खात्री तो नकळत खाली पाहतानाही वापरतो. वर पाहताना ती उपयोगी पडते, कारण तेथे सत्य झाकलेले असते ते सत्तेने. खाली पाहताना सत्य झाकलेले असते ते पाहणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीने, आणि ती सावली धैर्याने दूर होत नाही. आमच्याकडे ‘केसरी’ने परकीय सरकारशी जी झुंज घेतली तिला तोड नाही, पण मुलींचे शिक्षण आणि संमतिवय हे प्रश्न आले तेव्हा सत्याची बाजू ‘सुधारक’कर्त्या आगरकरांकडे अधिक होती, हे आज टिळकभक्तही खाजगीत कबूल करतात.

गमतीची गोष्ट अशी, की हद्दपारीत 1912 साली पिळ्ळांनी वृत्तपत्रव्यवसायावर ‘वृत्तांतपत्रप्रवर्तनम्’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी कार्ल मार्क्सचे मल्याळम चरित्रही प्रसिद्ध केले. घोडा आणि रेड्याची उपमा देणाऱ्या हाताने दोन वर्षांत मार्क्सचे चरित्र लिहावे! माणसे तर्कशास्त्राच्या वहीत लिहिलेली नसतात.

समदृष्टीचा प्रश्न त्या काळी दुसऱ्या टोकानेही मांडला गेला. श्रीनारायण गुरूंनी मनुष्याला एकच जात, एकच धर्म आणि एकच देव असल्याचे सांगितले; त्यांचे शिष्य अय्यप्पन ह्यांनी 1917 मध्ये चेराईला पुलयांबरोबर सहभोजन घडवले, ‘सहोदरन’ नावाचे पत्र काढले, आणि गुरूंच्या वचनातले ‘एक’ काढून तेथे ‘नको’ घातले; जात नको, धर्म नको, देव नको. गुरूंनी शिष्याला दूर लोटले नाही. मला स्वतःला गुरूंची वाट अधिक जवळची वाटते, परंतु पंक्तीत पुलयाशेजारी बसण्यापुरते पाहिले तर आस्तिक गुरू आणि नास्तिक शिष्य ह्यांच्या पानांत काही फरक नव्हता.

आणि मौलवी? त्यांनी संपादक गमावला, पत्र गमावले, इंग्लंडहून मागवलेले यंत्रही गमावले, आणि 1932 साली ते निवर्तले तोवर ते यंत्र परत मिळाले नव्हते. दरबाराची क्षमा मागून छापखाना सोडवून घ्या, असे सुचवणारे हितचिंतक त्यांना भेटल्याचे सांगतात. त्यांनी ती वाट धरली नाही. पुढे ते ‘अल इस्लाम’सारख्या नियतकालिकांतून स्वधर्मीयांच्या अंधश्रद्धांवर आणि स्त्रीशिक्षणाच्या अभावावर लिहीत राहिले. दरबाराच्या कारभारावर टीका करायला दुसऱ्याची लेखणी दिली, आणि आपल्याच माणसांवर टीका करायची वेळ आली तेव्हा स्वतः लेखणी उचलली, हा क्रम मला लक्षणीय वाटतो.

पिळ्ळांच्या त्या लेखाला उत्तर कोणा पंडिताने दिले असेल नसेल. ज्यांच्याविषयी तो होता त्यांनी आपल्या परीने ते दिले. 1911 साली अय्यनकाळी श्रीमूलम् प्रजासभेचे सभासद झाले आणि आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशाची मागणी त्यांनी दरबारापुढे मांडली. पुढे तीनेक वर्षांत त्यांच्या साधुजन परिपालन संघाने चंगनाशेरीहून ‘साधुजन परिपालिनी’ हे स्वतःचे मासिक काढले. संघाच्या ह्या संस्थापकाला स्वतःला वाचता येत नव्हते.