अन्ननिंदा आणि तरोट्याची भाजी

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, असे व्रत सांगितले आहे, आणि त्याच्या जोडीला अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे, अशीही व्रते येतात. याच भावनेच्या आधारे, ताटातली भाजी काठाला सारून नुसता वरण-भात खाणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला दोष दिला जातो. परंतु व्रत म्हणजे जाणतेपणी स्वतःवर घालून घेतलेले बंधन असल्याने, ज्याने ते घेतलेच नाही त्याच्याकडून ते मोडते कसे, हा प्रश्न उरतोच.

भंडारा जिल्ह्यात पहिल्या पावसाबरोबर धुऱ्यांवर तरोटा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी मोठ्यांना रुचते, पण तिची किंचित कडसर चव लहान मुलाला परकी वाटते. पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात, त्यामुळे अनोळखी कडूपणाविषयीचा हा संशय म्हणजे शरीराची राखण होय. त्याला हट्ट म्हणणे घाईचे ठरेल. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘ओकसात्म्य’, म्हणजे सतत सेवनाने अंगवळणी पडून मानवू लागलेला आहार, ही संकल्पना येते आणि ते खाणाऱ्यावर अवलंबून असते, असे तेथे म्हटले आहे. खाऊ घालणाऱ्यावर नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

निंदा खरे तर दुसरीकडूनच होते. ‘भाजी संपव, मग गोड मिळेल’ असा सौदा करणारी वडील मंडळी भाजी ही सोसण्याची आणि गोड ही मिळवण्याची वस्तू आहे, असेच मुलाला शिकवतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बक्षिसाच्या अटीवर नव्या चवीचे दुधाचे पेय प्यायलेल्या बालकांची त्या पेयाची आवड वाढण्याऐवजी घटली होती. व्रतभंगाचा आरोप ठेवायचाच असेल, तर तो आधी या सौदागरांवर ठेवावा लागेल.

भृगुवल्लीतलीच कथा येथे अधिक उपयोगी पडते. ब्रह्म शिकवा, अशी विनंती घेऊन भृगू पुन्हा पुन्हा आपल्या पित्याकडे, वरुणाकडे येतो. वरुण त्याला तयार उत्तर देत नाही, तप करून जाणून घे, असे सांगून परत पाठवतो, आणि भृगूच्या हाती प्रथम लागते ते अन्न हेच ब्रह्म. भाजी रोज ताटात वाढावी, स्वतः चवीने खावी, पण घास कोंबू नये, ही रीत वरुणाच्या शिकवण्याशी जुळते.

मात्र वरुणाला शेतावर जायचे नव्हते. तरोटा कोवळा असतो त्याच सुमारास धानाचे परे टाकले जातात, पाठोपाठ रोवणी सुरू होते, आणि दिवसभर चिखलात वाकून परतलेल्या बाईकडूनच ताटापाशी धीर धरण्याची अपेक्षा केली जाते. चूल कोणी पेटवावी, याविषयी भृगुवल्ली काहीच सांगत नाही.