तांबडी का मेली?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरची तांबडी कोंबडी मेली. एका कोंबडीच्या मरणावर धर्मग्रामाच्या पत्रकात लिहिण्यासारखे ते काय, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. परंतु त्या मरणामागून आमच्या घरात जे शिरले, ते कोंबडीहून मोठे होते, म्हणून लिहीत आहोत.

शुक्रवारी संध्याकाळी दाणे टाकले तेव्हा ती आली नाही. वाडीच्या कोपऱ्यात पिसे फुगवून, मान आत ओढून बसली होती. तुरा काळपट पडला होता. शनिवारी आम्ही चमच्याने पाणी पाजले, आजीने लसूण ठेचून भरवली. रविवारी पहिल्या मिस्साला निघण्यापूर्वी खुराडे उघडले, तर ती एका कुशीवर पडलेली. उरलेल्या तिघी मात्र नेहमीसारख्या धडधाकट बाहेर पडल्या. चिकूच्या झाडाखाली खोल खड्डा करून, वर चुना टाकून आम्ही तिला पुरले.

सोमवारी जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, मानमोडी असती तर एकटी मेली नसती. अंडे आत अडकले असेल, यकृत बिघडले असेल, काही विषारी पोटात गेले असेल. शवविच्छेदन केल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते लगेच करायला हवे होते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कोंबडी आपला आजार शेवटपर्यंत लपवते. कळपात दुबळी दिसली तर बाकीच्या टोचतात, शिकारी प्राणीही तिलाच हेरतात. म्हणून आपल्याला दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. (एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर मात्र पुरून गप्प बसू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.)

डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द आम्ही घरी घेऊन आलो. विषारी.

त्याचे कारण होते. तांबडी कुंपणाखालून शेजारच्या मावशींच्या वांग्यांच्या वाफ्यात जायची आणि रोपे उकरायची. मावशींनी दोनदा सांगितले होते, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. त्यांच्या घरी उंदरांचे औषध ठेवतात, हेही आम्हांला ठाऊक होते. दोन आणि दोन चार झाले. कोणी उघड बोलले नाही, पण त्या दिवसापासून विहिरीवर आमचे बोलणे तुटक झाले. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये शांती देण्याची वेळ आली तेव्हा मावशी आमच्या मागच्याच बाकावर होत्या. आम्ही पुढच्या लोकांना हात जोडले, बाजूच्यांना जोडले, आणि मागे वळलो नाही. नंतर त्याच रांगेतून जाऊन ख्रिस्तशरीर स्वीकारले.

आम्हांला वाटते, कारण न कळणे हे माणसाला मरणापेक्षाही जड जाते. कारण मिळाले नाही तर आपण गुन्हेगार शोधतो. तो बाहेर सापडला नाही तर स्वतःलाच धरतो: शुक्रवारीच का नाही नेली? दाणे जुने होते का? आणि दोन्ही जमले नाही तर कोणाची दृष्ट लागली म्हणतो, किंवा देवाला जाब विचारतो.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती, हे प्रभू साफ नाकारतो. पण मग बुरूज का पडला, हे तो सांगत नाही. लोकांना आपापल्या पश्चात्तापाकडे वळवतो आणि तो प्रश्न तसाच ठेवतो. आम्ही हा उतारा अनेकदा ऐकला होता, पण ते उत्तर न देणे कधी लक्षात आले नव्हते. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, यरुशलेमवर दुःख करताना, प्रभू स्वतःला पिलांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. जैतून डोंगरावरच्या ज्या प्रार्थनामंदिरात प्रभूच्या त्या अश्रूंची आठवण करतात, तिथे वेदीच्या दर्शनी बाजूवर कोंबडी आणि तिची पिले यांचे चित्र आहे.

आमच्या लहान मुलीने विचारले, तांबडी स्वर्गात गेली का? संत थॉमस अक्विनास यांच्या मते प्राण्यांचा आत्मा शरीराबरोबर संपतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या परिपत्रकात लिहिले, की प्रत्येक जिवाला, आपल्या उपयोगापलीकडे, देवासमोर स्वतःचे मोल आहे. मुलीला आम्ही चिमण्यांची गोष्ट सांगितली. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी वर फुकट. तीसुद्धा देवाच्या विस्मरणात जात नाही. ती पडणारच नाही, असे मात्र प्रभू म्हणालेला नाही. मुलगी म्हणाली, "मग आपण रविवारी कोंबडी खातो ती?" आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाला शोभत नाही, पण अन्नासाठी त्यांचा उपयोग करणे गैर नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही सांगितली. तिचे समाधान झालेले दिसले नाही.

कुमसाराला गेलो तेव्हा मावशींची गोष्ट निघाली. फादर म्हणाले, पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा धरला, तरी ते पाप आहे. धर्मशिक्षणग्रंथात ते स्पष्ट आहे. आम्ही बोललो नव्हतो, म्हणून आपण निर्दोष आहोत असे समजत होतो. आम्ही विचारले, मावशींना जाऊन सांगायचे का, की आम्ही तुमच्यावर संशय घेतला? फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सांगून कोणाचे ओझे हलके होईल, तुमचे की त्यांचे, ते आधी पाहा.

शनिवारी आम्ही सहा अंडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर बसलो. मावशींनी चहा केला. अंडी हातात घेऊन म्हणाल्या, "तांबडीची का?"

"तांबडी मेली, मावशी. महिना झाला."

"अगो बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या वांग्यात यायची तीच ना? तरीच म्हटलं, हल्ली दिसत नाही. काय झालं होतं तिला?"

"कळलं नाही," आम्ही म्हणालो.

निघताना त्यांनी चार वांगी दिली. संशयाचे आम्ही अजून त्यांना सांगितलेले नाही.